छर्ऱ्याची बंदूक आणि आडवा वारा

अमेरिकेत पाणबदकांच्या शिकारीला १९९१पासून देशभर शिशाचे छर्रे बंद आहेत, म्हणून तिथे बहुतेक जण पोलादी छर्रे वापरतात. पोलाद शिशापेक्षा सुमारे तीस टक्के हलकं. त्यामुळे त्याचा वेग लवकर पडतो आणि वारा त्याला सहज ढकलतो.

हंगामाआधी ४० यार्डांवर मोठा कागद लावायचा, बार काढायचा आणि ३० इंचांच्या वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजायचं, अशी जुनी रीत आहे. खरी फसगत इथेच होते! ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात २ नंबरचा पोलादी छर्रा तिथवर पोचेपर्यंत साधारण सात इंच सरकतो. वारा दुप्पट, तर सरकणंही दुप्पट. बारीक छर्रे आणखी वाहवतात. पुंजका मात्र फारसा विस्कटत नाही, जवळपास सगळाच बाजूला जातो. मग बंदूकच बाजूला मारते असं वाटतं, माणूस साइट फिरवून बसतो आणि पुढे वारा नसतानाही नेम हुकतो.

माझं कळकळीचं सांगणं : चाचणी वारा पडलेला असताना, पहाटेच घ्या. वारा असलाच तर तो पाठीवर घ्या. आणि एका बारावर ठरवू नका, निदान पाच वेगवेगळे कागद बघा.