काळबादेवी ते गिरगाव: दोन स्टेशनांच्या मधला रस्ता

आजचा एपिसोड घरी बसून नाही, चालता चालता रेकॉर्ड केलाय. मागे हॉर्न ऐकू येतील, त्याला इलाज नाही. ज्यांना वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग.

मी रत्नागिरीचा, हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी मुंबईला, बीकेसीत होतो. रात्री बाबांचा फोन. म्हणाले, "उद्या मोकळा आहेस ना? मग काळबादेवीला उतर, गिरगावपर्यंत चालत जा आणि आपली चाळ आहे का ते बघून ये."

त्याचं कारण असं. आजोबा रत्नागिरीहून बोटीने मुंबईला गेले, भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गिरगावात एका चाळीत राहिले. बाबांचा जन्म तिथलाच. आजोबा रिटायर झाल्यावर सगळे गावी परतले. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं आहे: "आपली चाळ मेट्रोने खाल्ली." कोणी जाऊन बघितलेलं मात्र नाही.

तर मेट्रो ३. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर, बाकी सगळी भुयारात. ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. काळबादेवी आणि गिरगाव ही लागोपाठची स्टेशनं. गाडीत बसलात तर दोनेक मिनिटं. वरून चाललात तर पंधरा-वीस. मी वरून गेलो.

पहिली गंमत. स्टेशनचं नाव काळबादेवी, पण आपण वर येतो ते काळबादेवी रोडवर नाही. तो थोडा पूर्वेला राहतो. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा बोरीबंदर ते पायधुणी ही गाडी त्या रोडवरून जायची. आपण असतो जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी गिरगाव रोड. नाना शंकरशेट म्हणजे ज्यांनी मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट केली ते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ती चालवणाऱ्या कंपनीचे ते एक संचालक. राहायला इथेच, गिरगावात. त्यांच्याच नावाच्या रस्त्याखालून आता रेल्वे जातेय.

आता मुद्द्याचं. हा रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, खाली दुकानं, वर लाकडी गॅलऱ्या. मग याच्या खाली स्टेशन बांधलं कसं?

साधारणपणे भुयारी स्टेशन वरून खणतात. रस्ता उघडायचा, मोठा खड्डा करायचा, आत स्टेशन बांधायचं, वरून झाकायचं. इथे तेवढा खड्डा करायला रस्ताच पुरत नाही. म्हणून दोन पद्धती जोडल्या. दोन स्टेशनांमधला बोगदा टीबीएमने, म्हणजे बोगदा खणणाऱ्या अजस्र मशीनने. ते मशीन गोल भोक पाडत पुढे जातं आणि मागे काँक्रीटचे तयार तुकडे बसवत जातं. पण ते ठरलेल्या मापाचंच भोक पाडतं. प्लॅटफॉर्मला रुंद जागा लागते. तिथे 'नाटम' वापरली, म्हणजे न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड. रस्त्याच्या कडेच्या जागेत एक खोल विहिरीसारखा शाफ्ट घ्यायचा, त्यातून खाली उतरायचं आणि तिथून आडवं, रस्त्याखाली खणत जायचं.

खणायचं कसं? थोडं थोडं. थोडा खडक काढायचा, लगेच त्यावर काँक्रीटचा फवारा मारायचा, खडकात लोखंडी बोल्ट ठोकायचे, मग मोजायचं. खडक किती हलला? वरची इमारत किती खचली? आकडे ठीक असतील तरच पुढचा तुकडा. आमच्यातल्या डेव्हलपर मंडळींना हे लगेच कळेल: छोटा कमिट, टेस्ट, मग पुढचा कमिट. फरक एवढाच की इथे टेस्ट फेल झाली तर रोलबॅक नाही, वर कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे.

बोगद्यांचं आपल्या रत्नागिरीकरांना काही नवल नाही. उक्षी आणि भोकेच्या मधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. पण त्याच्या डोक्यावर डोंगर आहे, इथे डोक्यावर बिऱ्हाडं.

मग प्रश्न पडतो, एवढ्या खोलवरून गाडी जाते तर घरं का रिकामी करावी लागली? मलाही हे कळत नव्हतं. उत्तर आहे जिना. गाडी खालून जाते, पण माणसाला वर यावं लागतं. जिने, लिफ्ट, हवा खेळवायचे शाफ्ट, आग लागली तर बाहेर पडायची वाट, हे सगळं कुठेतरी जमिनीवर निघणारच. मोठ्या रस्त्यावर ते फुटपाथवर निघतं. इथे फुटपाथच्या पलीकडे थेट भिंत. म्हणून काही इमारती पाडाव्या लागल्या. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, मोर्चे निघाले, आणि शेवटी त्याच परिसरात नवीन इमारतीत घर द्यायचं ठरलं. मधली वर्षं मात्र ती कुटुंबं दुसरीकडे राहिली. आपली दोन मिनिटं वाचतात, त्याच्या हिशेबात ही वर्षंही धरायला हवीत.

चालत राहिलो. चिराबाजारात सोनारांची दुकानं आणि मासळीचा वास. ठाकूरद्वार नाका. मग वाड्यांची नावं सुरू होतात: फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, केळेवाडी. नुसती नावं वाचली तरी कळतं, इथे कधी काळी बागा होत्या. याच गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. त्या उत्सवाचं आवाहन करणारे टिळक जन्माने आपल्या रत्नागिरीचे.

आणि आमची चाळ? नाही. तिथे टॉवर आहे. वॉचमनने विचारलं, "कुठे जायचंय?" मला काय सांगावं कळेना. समोरच्या दुकानातल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "मेट्रो? छे! मेट्रोच्या कितीतरी आधी गेली ती. एका बाजूची गॅलरी पडली, मग बिल्डर आला."

त्याचीही गोष्ट आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना त्याचा आधार झाला, आजोबांनाही झाला. पण त्या भाड्यात मालकाला छप्पर शाकारणंही परवडेना. इमारती आतून झिजत गेल्या. आमची चाळ मेट्रोने नाही, पन्नास वर्षांच्या न झालेल्या डागडुजीने खाल्ली. त्या स्वस्त भाड्यावर आम्हीही राहिलो होतो, हे घरात कोणी बोलत नाही.

गिरगाव स्टेशनच्या दारात उभा राहून बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "स्टेशनात लिफ्ट आहे का?"

आहे म्हटलं. त्यांचे गुडघे दुखतात. मांडवीने सीएसएमटी, आणि तिथून काळबादेवी हे पुढचंच स्टेशन. गणपती झाले की त्यांना घेऊन येतोय. तुम्हीही कधी गेलात तर एक स्टेशन आधी उतरा, आणि हा एपिसोड आधीच डाउनलोड करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!