पडद्यावरील रंग आणि कापडाचा रंग : ‘स्टार ट्रेक’च्या गणवेशांच्या अचूक प्रतिकृतींचा प्रश्न

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा-मालिकांच्या इतिहासात ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेला महत्त्वाचे स्थान आहे. ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात एन.बी.सी. वाहिनीवरून तिचे ७९ भाग प्रसारित झाले. ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानावरील अधिकाऱ्यांचे गणवेश जसेच्या तसे शिवण्याचा छंद पुढे अनेक देशांत रुजला. वरवर पाहता हा छंद पोरकट वाटतो. परंतु ‘अचूक प्रतिकृती’ म्हणजे नेमकी कशाची प्रतिकृती, हा त्यातील प्रश्न वस्त्रविद्या, छायाचित्रण आणि वस्तुसंग्रहालयशास्त्र या तिन्हींना स्पर्श करणारा आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

गणवेशाचे स्वरूप

मालिकेचे वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस (मृत्यू १९९२) यांनी गणवेशात लष्करी थाट जाणूनबुजून टाळलेला दिसतो. बटणे नाहीत, खिसे नाहीत, पट्टा नाही. अंगात रंगीत सदरा, त्याला काळी गळपट्टी. खाली काळपट, आखूड विजार आणि काळे बूट. हुद्दा कळतो तो केवळ बाहीच्या टोकाशी लावलेल्या सोनेरी फितीवरून. कप्तान कर्कच्या बाहीवर दोन अखंड फिती व त्यांच्यामध्ये एक तुटक फीत असते. स्पॉकच्या बाहीवर दोन अखंड. डॉक्टर मॅककॉय यांच्या बाहीवर एक अखंड व एक तुटक. छातीच्या डाव्या बाजूस बाणाच्या टोकासारखे चिन्ह असते व त्याच्या आतील आकृती खात्यानुसार बदलते.

इतक्या साध्या कपड्याची नक्कल सोपी असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नक्षीकाम भरपूर असले की डोळा नक्षीत गुंततो व बारीक चुका झाकल्या जातात. येथे झाकायला काहीच नसते. रॅगलन बाहीची, म्हणजे गळ्यापासून थेट काखेपर्यंत तिरपी उतरणारी, शिलाई बोटभर सरकली तरी खांद्याची ठेवण बिघडते.

कापड

पहिल्या दोन हंगामांत सदरे वेलूरचे होते. वेलूर म्हणजे मखमलीसारखी लव असलेले, परंतु मखमलीप्रमाणे मागावर न विणता गुंफून तयार केलेले, त्यामुळे ताणले जाणारे कापड. त्याचा दोष असा की वारंवार धुलाई केल्यावर ते आटे. म्हणून तिसऱ्या हंगामात कृत्रिम धाग्याचे, दुहेरी विणीचे, गुळगुळीत कापड वापरण्यात आले. प्रतिकृती करणाऱ्याने ‘स्टार ट्रेकचा सदरा’ शिवायचा असे ठरवून भागत नाही. कोणत्या हंगामातील, आणि काटेकोरपणा हवा असेल तर कोणत्या भागातील, हेही ठरवावे लागते.

वेलूर बेतताना लवीची दिशा सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे. लव खालच्या दिशेने वळलेली असेल तर कापड उजळ दिसते, वरच्या दिशेने असेल तर गडद. सर्व भाग एकाच दिशेने न कापल्यास अंग एका रंगाचे व बाही दुसऱ्या रंगाची भासते. यासाठी कापड अधिक लागते. पण येथे कापडाची बचत करणारा कारागीर रंग जुळवण्यावर कितीही श्रम घेवो, ते व्यर्थ जातात. तसेच बेतण्यापूर्वी कापड एकदा धुऊन आटवून घेणे इष्ट होय.

रंगाचा प्रश्न

वरिष्ठ अधिकाऱ्यांचा सदरा सोनेरी, शास्त्रज्ञ व वैद्यांचा निळा, तांत्रिक आणि सुरक्षा विभागाचा लाल, अशी समजूत सर्वत्र आहे. त्यांपैकी पहिला रंग कापडावर सोनेरी नव्हता. तो हिरवा होता. थाइस यांनी स्वतः पुढे हे निःसंदिग्धपणे सांगितले आणि त्याचे कारण चित्रफितीच्या रंगग्रहणात असल्याचे म्हटले. स्टुडिओतील प्रखर दिव्यांखाली, त्या काळच्या फिल्मवर, लवदार हिरवे कापड पिवळसर सोनेरी उमटले. याला मालिकेतच अंतर्गत पुरावा आहे. कर्कचा पुढून गुंडाळून नेसायचा सदरा आणि त्याचा समारंभाचा पोशाख हे दोन्ही वेगळ्या कापडाचे असून पडद्यावर ते स्पष्टपणे हिरवेच दिसतात.

भौतिकदृष्ट्या यात चमत्कार काही नाही. वस्तूचा दिसणारा रंग हा रंगद्रव्य, पडणारा प्रकाश आणि पाहणारे साधन या तिघांचा परिणाम असतो. एका प्रकाशात सारखी दिसणारी दोन कापडे दुसऱ्या प्रकाशात भिन्न दिसतात, हे साडीला जुळणारे पोलके दुकानातील दिव्याखाली निवडून घरी आणलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. १९८० च्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर दाखवली गेली तेव्हा आपल्याकडील पुष्कळ घरांत कृष्णधवल संच होते. त्या प्रेक्षकांपुरता हा वाद उद्भवलाच नाही!

मग प्रतिकृती हिरवी करावी की सोनेरी? हिरवी केली तर ती मूळ वस्तूशी प्रामाणिक राहते, परंतु पाहणारा तिला चुकीची ठरवतो. सोनेरी केली तर ती स्मृतीशी जुळते. मात्र तसे कापड त्या काळी कोणी अंगावर घातलेच नव्हते. या संदर्भात निर्मात्यांचेच एक उदाहरण उद्बोधक आहे. १९९६ साली ‘डीप स्पेस नाइन’ या उपमालिकेच्या एका भागात नव्या पात्रांना १९६७ मधील जुन्या चित्रीकरणात मिसळून दाखवण्यात आले. वेशभूषाकार रॉबर्ट ब्लॅकमन यांच्यापुढे गणवेश पुन्हा घडवण्याचे काम होते, आणि तेथे कसोटी एकच होती : जुन्या फिल्मवरील प्रतिमेशी मेळ. त्या भागातील संवादातही वरिष्ठांचा रंग सोनेरीच म्हटला आहे. अशा रीतीने छायाचित्रणातून उद्भवलेला आभास कथाविश्वातील अधिकृत सत्य बनला.

पडद्यावरून थेट रंग उचलणे हा मार्गही निर्धोक नाही. २००६ ते २००८ या काळात मालिकेची चित्रे नव्याने संस्कारित करण्यात आली आणि रंगही दुरुस्त झाले. त्यामुळे जुन्या व नव्या आवृत्तीत एकाच सदऱ्याची छटा वेगळी आढळते. प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक शास्त्रीय पद्धत अशी : कापडाचे निरनिराळ्या हिरव्या छटांत रंगवलेले वीतभर तुकडे पिवळसर प्रकाशाच्या दिव्यांखाली ठेवून त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि उजेडात हिरवा असूनही छायाचित्रात सोनेरीकडे झुकणारा तुकडा निवडावा. फिल्म आता निराळी असल्याने तंतोतंत साम्य मिळणार नाही, हे गृहीत धरावे.

मूळ वस्त्रांची स्थिती

फ्रान्झ जोसेफ यांच्या १९७५ सालच्या तांत्रिक पुस्तिकेतील रेखाटनांवर अनेकांनी आपले पहिले गणवेश बेतले. प्रत्यक्ष वस्त्रे जवळून पाहण्याची संधी दुर्मीळ होती. ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्क येथे ख्रिस्टीज या संस्थेने स्टुडिओच्या संग्रहाचा लिलाव केला. त्यानिमित्त वस्त्रांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली हा लाभ; परंतु वस्त्रे खासगी संग्राहकांकडे विखुरली गेली, ही हानी त्याहून मोठी मानावी लागेल. शिवाय रंग उडतो, लव झडते. आज एखाद्या मूळ सदऱ्याशी तंतोतंत जुळवलेली छटा ही १९६६ ची नसून इतक्या वर्षांनी फिकटलेल्या कापडाची असते. त्यामुळे जाणकार कारागीर अशा सदऱ्याचे बाह्यांग मोजून थांबत नाहीत. परवानगी मिळाल्यास ते शिलाईच्या आतली दुमड उलगडून पाहतात. प्रकाश न पोहोचल्याने तेथे मूळ रंगाची एखादी रेघ टिकून राहिलेली असू शकते.