सहा वाटांचा नाद, एका तबकडीवर

एकादशीला देवळात भजन चालते. बाहेर ओसरीवर बसलेल्याला सारा आवाज एका दारातून येतो. तोच माणूस आत जाऊन मंडळींत बसला, म्हणजे बुवांचा आवाज समोरून, टाळ दोन्ही बाजूंनी आणि धृपद धरणाऱ्यांचा सूर पाठीमागून येतो. ऐकणाऱ्याला असे ओसरीवरून आत नेणारे जे ध्वनिमुद्रण, त्याला सराउंड साउंड म्हणतात. आपण त्याला सभोवारचा नाद म्हणू. अशी निरनिराळ्या तबकड्यांवरची गाणी एकाच तबकडीवर कशी आणावीत, ते आज पाहू.

ही कल्पना जुनीच आहे. १९४० साली वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी निवडक थिएटरांत प्रेक्षकांच्या भोवताली स्पीकर बसवले होते. १९७० नंतर चार वाटांच्या काळ्या तबकड्या निघाल्या. पण कंपन्यांच्या रीती निरनिराळ्या होत्या. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट उमटेना. थोड्याच वर्षांत तो प्रकार मागे पडला. हा धडा ध्यानात असू द्या.

आजची रूढ मांडणी सहा वाटांची. समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर. श्रोत्याच्या बाजूंना, किंचित मागे, दोन. आणि सहावा केवळ खर्जाच्या घुमाऱ्यासाठी. या सहाव्या वाटेवर साधारण १२० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज जातो, म्हणून तिला पुरी वाट न मानता मांडणीला ‘पाच दशांश एक’ म्हणतात.

आता जागेचा हिशोब. गुरुजींनी तो मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट मावतात. आवाजाची सेकंदाला ४८,००० मापे घेतली आणि प्रत्येक माप २४ बिटांचे धरले, तर एका वाटेला सेकंदास ११,५२,००० बिट लागतात. सहा वाटांना ६९,१२,०००. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ९० मिनिटे. चार-चार मिनिटांची बावीस गाणी झाली! मापे दुप्पट, म्हणजे ९६,००० घेतली, तर मात्र ४५ मिनिटांतच तबकडी भरेल. शिवाय डीव्हीडी-ऑडिओ या प्रकारात सेकंदाला ९६ लाख बिटांची मर्यादा आहे, आणि येथे तर लागतात १ कोटी ३८ लाख. तेव्हा आवाजाची घडी घालणे भाग पडते.

ही घडी दोन तऱ्हांची. एक, रुईच्या गासडीसारखी. गासडी दाबून बांधली तरी उघडल्यावर वजन तेवढेच भरते. एमएलपी नावाची घडी अशी आहे; तिच्यात ९६,००० मापांचे सहा वाटांचे संगीत सुमारे सव्वा तास मावते. दुसरी तऱ्हा सुपातल्या पाखडण्यासारखी. कानाला सहसा जाणवणार नाही तेवढा भाग ती टाकून देते. डॉल्बी डिजिटल ही अशी घडी सेकंदाला ४,४८,००० बिटांत भागवते. नुसत्या आवाजाचा हिशोब धरला तर तबकडीवर तेवीस तास मावतात. पण पाखडून टाकलेले पुन्हा सुपात येत नाही.

मग कोणती निवडावी? येथे तो जुना धडा कामाला येतो. ऐकणाऱ्याकडे यंत्र कोणते आहे, ते आधी विचारा. एमएलपीला डीव्हीडी-ऑडिओचे खास यंत्र लागते. डॉल्बी डिजिटल साध्या डीव्हीडी यंत्रालाही समजते, आणि स्पीकर दोनच असले तर यंत्र सहा वाटा दोनांत मिसळून देते. शाळेसाठी तबकडी करायची असेल, तर दुसरी तऱ्हाच बरी.

काम करताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, वाटांचा क्रम. काही ठिकाणी तो डावा, उजवा, मधला असा असतो, तर काही ठिकाणी डावा, मधला, उजवा. गफलत झाली की समोरचा गायक एका बाजूला सरकतो. दुसरी, आवाजाची पातळी. एक गाणे हळू, दुसरे मोठे असेल, तर मोठे असलेले उतरवावे. आणि सहाही वाटा सारख्याच उतरवाव्यात, नाहीतर मूळ तोल जातो. तिसरी, पाखडलेले पुन्हा पाखडू नये. गाणे आधीच डॉल्बीत असेल आणि पातळीत फेर करायचा नसेल, तर जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

आपण उतरवलेली तबकडी ऊन आणि उष्णता यांनी खराब होते, म्हणून मूळ तबकड्या मोडीत काढू नका. नवी तबकडी मिळाली म्हणून जुनी टाकली, आणि पुढे नवी वाजेनाशी झाली, तर ते संगीत गेलेच समजा. हक्कदारांच्या परवानगीवाचून प्रती काढून विकू किंवा वाटू नयेत, हेही सांगायला हवे.

शेवटी, तबकडी सहा स्पीकरांवर ऐका, मग शाळेतल्या दोन स्पीकरांवर ऐका. दोन्हीकडे गायकाचे शब्द स्वच्छ कळले, म्हणजे काम साधले.