जुन्या गाडीच्या पाण्यात अडकलेली हवा



आम्हा उभयतांकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे. सासऱ्यांनी १९८६ साली घेतली आणि जाताना लेकीच्या स्वाधीन केली. इंदूरमध्ये आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर अजून झाकून ठेवलेली आहे. तिचे मोल पैशात होत नाही, पण ती बिघडली की खर्च मात्र पैशातच होतो. आमच्या एका चुकीचा असा खर्च झाला. तो इतरांना होऊ नये म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी ओंकारेश्वरला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी रेडिएटरचा वरचा होज पाइप फुटला. एका गॅरेजात नवा बसवला, पाणी वरपर्यंत भरले, झाकण लावले. काम वीस मिनिटांत उरकले. जाताना सगळा उतार, त्यामुळे काही जाणवले नाही. येताना बडवाह सोडून भेरूघाट चढू लागलो तेव्हा टेम्परेचरचा काटा आधी वर गेला आणि मग चक्क खाली आला. आम्ही खूश! तेवढ्यात सौ. म्हणाली, ‘‘अहो, कसला तरी उग्र वास येतोय.’’ काट्याकडे बोट दाखवून आम्ही तिला गप्प केले. पुढच्या वळणावर इंजिन खडखडू लागले आणि बंद पडले. हेड वाकले होते.

इंजिन इतके तापलेले असताना काटा खाली कसा आला? या एका प्रश्नाच्या उत्तरात सगळा विषय सामावलेला आहे.

हवा काय करते?

इंजिनाची उष्णता पाणी उचलते, वॉटर पंप ते पाणी फिरवतो आणि रेडिएटरमध्ये ते निवते. पाणी उष्णता उत्तम वाहून नेते, हवा अगदीच कमी. हेडच्या आतल्या पोकळीत हवेचा गोळा अडकला की तेवढ्या जागी धातूला पाण्याचा स्पर्श होत नाही. तो भाग तापत जातो आणि शेजारच्या पाण्याची वाफ होऊन गोळा आणखी वाढतो. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. तो हवेत उघडा पडला की काटा खाली येतो. भेरूघाटात आमचे तेच झाले. वास खरा होता, काटा खोटा.

थर्मोस्टॅटचेही तसेच. सुमारे ८० अंशांच्या आसपास गरम पाणी लागले की तो उघडतो. त्याच्याभोवती हवा असेल तर इंजिन तापूनही तो उशिरा उघडतो. पंपात हवा शिरली तर पाते नुसतेच फिरते, पाणी पुढे ढकलले जात नाही.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते, म्हणून अति उष्णतेत आधी वाकते ते हेड. शिवाय आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण म्हणूनच महत्त्वाचे. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर तेवढा आधार गेला.

जमाखर्चाची पद्धत

बँकेत आयुष्य गेले, त्यामुळे आम्हाला सुचलेला उपाय हिशेबाचाच आहे. जुने पाणी काढताना बादलीत धरून मोजावे. जितके निघाले तितके परत आत गेले पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या गाडीतून ४ लिटर २०० मिली निघाले. भरताना ३ लिटर १०० मिलीवरच रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला दिसला. उरलेल्या १ लिटर १०० मिलीच्या जागी काय होते? हवा. वरून भरलेले दिसणे म्हणजे हिशेब जुळणे नव्हे. त्या गॅरेजात आम्ही मोजून घेतले असते तर घाटात ती वेळ आली नसती.

हवा काढण्याची रीत

१. इंजिन पूर्ण थंड असावे. शक्यतो सकाळी काम करावे.

२. गाडीचे नाक वर येईल अशी चढावर उभी करावी, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहील. हवा नेहमी उंच जागा शोधते, तिला बाहेरची वाट तिथेच मिळावी. हँडब्रेक लावून मागच्या चाकांना दगड लावावेत.

३. हीटर असेल तर त्याचा कॉक पूर्ण उघडावा, नाहीतर त्याच्या नळ्यांत हवा राहते.

४. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचे मिश्रण सावकाश, अर्धा-अर्धा लिटर ओतावे. मधूनमधून वरचा होज पाइप हाताने दाबावा. गुडगुड आवाज येऊन बुडबुडे निघतात आणि पातळी उतरते.

५. झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे आणि संथ चालू द्यावे. दहा-पंधरा मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो. बुडबुडे येतात, पातळी एकदम खाली जाते. इंजिन चालू असतानाच थोडे थोडे मिश्रण घालावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. पंख्यापासून हात आणि पदर-ओढणी दूर ठेवावी.

६. बुडबुडे थांबले, वरचा आणि खालचा दोन्ही पाइप गरम लागले आणि मोजलेले सगळे मिश्रण आत गेले, की झाकण लावावे.

७. चार-पाच किलोमीटर फिरवून रात्रभर गाडी निवू द्यावी. सकाळी पातळी पुन्हा पाहावी. बहुतेक वेळा थोडी भर लागतेच.

काही थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक छिद्र आणि त्यात हलणारी पिन असते. ती हवा जाण्यासाठीच आहे. थर्मोस्टॅट बसवताना ती वरच्या बाजूला ठेवावी. ‘‘आपल्याकडे गरमी, थर्मोस्टॅट काढूनच टाका,’’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त लागते आणि तेलात काळा गाळ साचतो.

हवा पुन्हा पुन्हा येत असेल तर

दोन-तीनदा हवा काढूनही बुडबुडे थांबत नसतील तर ती बाहेरून आलेली हवा नसून सिलिंडरमधला वायू असण्याची शक्यता मोठी. म्हणजे हेड गॅस्केट गेले. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे, गरम इंजिनातही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे, पाणी कुठेही न गळता कमी होणे, ही त्याची लक्षणे. अशा वेळी गाडी चालवू नये, मिस्त्री गाठावा.

दोन गोष्टी जिवाच्या

गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वरचे पाणी असते. दाब सुटताच त्याची वाफ होऊन ते अंगावर उडते. भेरूघाटात आम्ही घाईने तेच केले. उजव्या मनगटावरचा डाग अजून आहे.

दुसरे, कूलंटमधले ग्लायकोल विषारी आणि चवीला गोड असते. काढलेले मिश्रण उघड्या बादलीत ठेवू नये. मुले आणि कुत्री-मांजरी तोंड लावतात.

हेड फेसिंग करून गाडी परत आली, त्याला आता बरीच वर्षे झाली. आजही घाट चढताना आम्ही काटा पाहतो, पण सौ.ला वास येतोय का, हेही विचारतो. कोणाला हे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल तर एखाद्या रविवारी सकाळी घरी यावे. पोहे-जिलेबी आमच्याकडून. मोजायची बादली मात्र आपापली आणावी.