पाणी मुरतं कसं?

कसालच्या आसपास जांभ्या दगडाचे सडे आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा जागच्या जागी साठला, तर माणसाच्या डोक्यावरून पाणी जाईल. तरीही वैशाखात कितीतरी विहिरींचा तळ दिसतो. मग हे पाणी जातं कुठं?

जांभ्याचा एक चिरा घ्या. त्यावर तांब्याभर पाणी ओता. थोडं वाहून जाईल, थोडं आत मुरेल. चिऱ्याला भोकं असतात. पण नुसती भोकं असून भागत नाही. भोकाला भोक जुळावं लागतं. बांधाच्या कामावर माणसं रांगेनं उभी राहून घमेली पुढं देतात. मधला एक गडी नसला, की घमेलं तिथंच अडतं. पाण्याचंही तसंच आहे.

ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली या दोघांनी १९५७ साली याचं गणित मांडलं. भोकं थोडी असली, की त्यांचे लहान लहान घोळके होतात. पाणी एका घोळक्यातच अडकतं. भोकं वाढत वाढत एका ठरावीक हद्दीला आली, की घोळके एकमेकांना मिळतात. मग पाण्याला आरपार वाट मिळते.

पाण्याचे अगदी बारीक कण असतात. त्यांना रेणू म्हणतात. रेणू एकमेकांना धरून असतात. म्हणून अळवाच्या पानावर थेंब गोल राहतो. ते मातीलाही धरतात. चिकणमातीच्या बारीक फटींत पाणी अडकून बसतं. जांभ्याच्या मोठ्या भोकांतून मात्र ते धावतं. खाली चिकणमातीचा थर लागला, की आडवं सरकतं आणि झऱ्यावाटे व्हाळाला मिळतं. म्हणून जांभ्यातली विहीर लवकर भरते आणि लवकर आटते.

यावर उपाय काय? पाऊस सरला, की व्हाळ वाहता आहे तोवरच मातीच्या गोणी रचून कच्चा बंधारा घाला. पाणी तुंबलं, की त्याला मुरायला सवड मिळते. जवळच्या विहिरींचं पाणी जास्त दिवस टिकतं.

आणखी एक ध्यानात ठेवा. पाण्याच्या वाटेनंच घाणही जाते. जांभ्याच्या मोठ्या भोकांत ती नीट गाळली जात नाही. म्हणून संडासाचा खड्डा किंवा उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला करू नका. पाणी नितळ दिसलं, तरी उकळून प्या.

विहीर आपल्या परसात असते. तिचं पाणी मात्र शेजाऱ्याच्या जमिनीखालून येतं. म्हणून हे काम एका घराचं नाही. सगळ्या वाडीनं मिळून ते करायचं आहे.