पाच हजार तंतू आणि राहून गेलेल्या दीर्घिका

कार्तिकातल्या अमावस्येला हळर्णसारख्या अंधाऱ्या गावातून देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिच्यापलीकडे अब्जावधी दीर्घिका आहेत, आणि विश्वाचा नकाशा काढायचा तर अंतरे कळण्यासाठी त्यांतल्या निदान काही कोटींचे वर्णपट तरी हवेत. एकेक घेत बसलो तर पिढ्या सरतील.

म्हणून ॲरिझोनातल्या किट पीकवर, मेयॉल दुर्बिणीच्या नाभीपाशी, ५,००० प्रकाशतंतू बसवले आहेत. २०२१ पासून चालू असलेले हे ‘डेसी’ सर्वेक्षण. केसाएवढा प्रत्येक तंतू चिमुकल्या यंत्रहाताच्या टोकाला असतो आणि खुंट्याला दाव्याने बांधलेल्या गुरासारखा ६ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळातच फिरतो. शेजारचा हात जेमतेम १० मिलिमीटरवर, त्यामुळे वर्तुळे एकमेकांत शिरतात आणि हात आपटू नयेत हेही सांभाळावे लागते.

खरी अडचण वाटपाची. एका तंतूच्या आवाक्यात तीन दीर्घिका, तर दुसऱ्याच्या आवाक्यात एकही नाही. संगणक मान ठरवतो: आधी क्वेसार, मग तेजस्वी लाल दीर्घिका, मग नवे तारे घडवणाऱ्या. काही तंतू मुद्दाम रिकाम्या आकाशावर रोखतात, कारण आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करायचा असतो. उरलेल्यांची पाळी पुढच्या फेरीत.

तरी काही राहतातच, आणि त्या सरसकट राहत नाहीत. गर्दीतल्याच जास्त सुटतात. डेसीच्या आधीच्या स्लोन सर्वेक्षणात भोके पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीत ६४० तंतू हाताने खोवत. ५५ विकलांहून जवळच्या दोघींना एका तबकडीवर जागाच नसे. सुमारे ६ टक्के दीर्घिका त्यामुळे हुकल्या. नकाशात मग गर्दीच्या जागा आहेत त्याहून विरळ दिसतात. मला या कामातली सर्वांत सुंदर युक्ती इथेच वाटते: समान मानाच्या दीर्घिकांच्या चिठ्ठ्या बदलून तेच वाटप संगणकावर पुन्हापुन्हा करतात. ज्या जोडीला क्वचितच दोन तंतू मिळतात, ती मिळाली की मोजणीत तिचे वजन वाढवतात. ज्या जोडीला संधीच नाही, तिला मात्र हा उपाय लागू पडत नाही; म्हणून आकाशाच्या त्याच तुकड्यावर अनेक फेऱ्या हव्यात.

पुण्याच्या आयुकानेही नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीसाठी ‘डॉटिफ्स’ हा वर्णपटमापक आखला. त्यात १६ जुडगे, प्रत्येकात १४४ तंतू, एकूण २,३०४. इथे अख्खा जुडगा एका दीर्घिकेवर नेतात, म्हणजे तिचा गाभा आणि कडा यांचे वर्णपट वेगवेगळे मिळतात. ८ कलांच्या क्षेत्रात सोळांहून जास्त दावेदार असले, तर कोणत्या सोळा घ्यायच्या हे आधीच ठरवावे लागते, आणि वगळलेल्यांची यादीही तितकीच जपावी लागते.