हंगामाचा करार: सालगडी, पैलवान आणि लँकेशायरचा ‘प्रो’

लातूरहूनही काही मंडळी आज मुद्दाम नांदेडला आली आहेत, म्हणून सुरुवात आपल्या शिवारापासूनच करू. पाडवा आला की सालगड्याचं साल ठरतं. किती पैसे, किती धान्य, उचल किती, हे बोलून घ्यायचं. वर्ष संपलं की पुन्हा बोलणी, नाहीतर दुसरा मालक. आता एक खेळाडू डोळ्यांपुढे आणा. यंदा एका देशात बास्केटबॉल खेळतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या. संघात परदेशी खेळाडूंना मोजक्याच जागा, करार एका हंगामाचा. गुडघा दुखावला तर पुढचं साल कोण ठरवणार? इंग्रजीत अशाला ‘जर्नीमॅन’ म्हणतात. त्या शब्दाचा प्रवासाशी संबंध नाही बरं का. त्याच्या मुळाशी ‘दिवस’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. म्हणजे आपला रोजंदार!

आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे: असं खेळणं कमी प्रतीचं आहे का?

आपल्याकडच्या माणसांनी हे पूर्वीच केलेलं आहे, फक्त चेंडू वेगळा होता. इंग्लंडमध्ये लँकेशायर हा कापड गिरण्यांचा मुलूख. तिथे १८९२ साली क्रिकेटची लीग सुरू झाली. गावोगावचे क्लब, खेळणारे बहुतेक स्थानिक, आणि प्रत्येक क्लबात पगारी खेळाडू एकच. त्याला म्हणायचे ‘प्रो’. शनिवारी सामना खेळायचा, एरवी गावातल्या पोरांना शिकवायचं. प्रोने चांगली खेळी केली की प्रेक्षकांत टोपी फिरायची आणि गिरणी कामगार तिच्यात नाणी टाकायचे. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टन्टाइन १९२९ ते १९३७ नेल्सन गावाकडून असेच खेळले. ज्या नांदेडने उस्मानशाही मिलचा भोंगा ऐकलेला आहे, त्याला ते मैदान परकं वाटू नये.

कोल्हापूरचे सदाशिव पाटील हे मध्यमगती गोलंदाज. १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध मुंबईत एक कसोटी खेळले. भारताने डावाने जिंकली. पण त्यांना दुसरी कसोटी कधी मिळाली नाही. आपण लोक काय म्हणू? ‘एकाच कसोटीचा धनी.’ पण हाच माणूस १९५९ आणि १९६१ साली लँकेशायर लीगमध्ये ५२ सामने खेळला आणि त्याने १११ बळी घेतले. त्या प्रत्येक शनिवारी तो पूर्ण खेळाडू होता की नव्हता? आम्ही म्हणतो, होता.

दुसरं उदाहरण विनू मंकडांचं. १९५२ साली भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता. त्याच हंगामासाठी लँकेशायरच्या हॅसलिंगडन क्लबाचं मंकडांना बोलावणं होतं. त्यांनी क्रिकेट मंडळाला विचारलं, ‘संघात जागा नक्की का?’ हमी मिळाली नाही. मग त्यांनी करार केला. पहिल्या कसोटीत लीड्सला दुसऱ्या डावात आपली अवस्था शून्यावर चार बाद! तेव्हा मंडळाने क्लबाला विनंती केली, क्लबाने त्यांना मोकळं केलं. लॉर्ड्सवर मंकडांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, वर पाच बळी घेतले. सामना आपण हरलोच. पण पैशासाठी खेळणारा जीव तोडून खेळत नाही, हा समज त्या पाच दिवसांत टिकला नाही.

हा समज आला कुठून? इंग्लंडमध्ये हौशी आणि पगारी खेळाडू असे दोन वर्गच होते. तो भेद रद्द झाला १९६२ साली. ज्याला पोटाची चिंता नाही, त्याचंच प्रेम शुद्ध, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे मात्र कुस्तीने तो कधी मानला नाही. माळेगावच्या जत्रेत इनामाची कुस्ती लागते, म्हणून पैलवानाची तालीम कुणी खोटी ठरवत नाही. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार लातूरच्या मातीतून कोल्हापूरच्या तालमीत गेले, आणि १९७० साली एडिनबरोला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं.

पण थांबा. यावरून रोजंदारीचं कौतुक करू नका. कांट म्हणतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. ‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा. क्लबाने मंकडांना वापरलंच, पण ठरलेला मोबदला देऊन, आणि वेळ आली तेव्हा मोकळंही केलं. मंडळाला ते हवे होते, पण हमी द्यायची नव्हती. आणि आपला सालगडी? उचल फिटेपर्यंत तो मालक सोडूही शकत नाही. तेव्हा कराराची मुदत किती, हा खरा प्रश्न नाही. ‘नाही’ म्हणायची सोय आहे का, आणि उद्या दुखापत झाली तर कोण उभं राहील, हे विचारायला हवं.

हे आम्ही इतक्या तळमळीने का सांगतो? आमचे काही विद्यार्थी पीएच.डी. होऊन आज तासिका तत्त्वावर शिकवतात. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या. एकजण परवा म्हणाला, ‘सर, लोक विचारतात, अजून काही झालं नाही का?’ आम्हीही उमेदीची पहिली काही वर्षं अशीच काढली. दर जूनला नवं पत्र यायचं, किंवा यायचं नाही. लातूर पॅटर्नने आपल्याला गुणवत्ता यादी दिली, त्याबद्दल आदरच आहे. पण यादीबाहेरच्या माणसाचं काम मोजायची सवय काही आपल्याला लागली नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही सदाशिव पाटलांचे १११ बळी सांगितले. तो हसला आणि म्हणाला, ‘सर, त्यांना हंगामाचे पैसे वेळेवर मिळायचे.’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी जे संस्थांच्या कारभारात आहेत, त्यांनी ते द्यावं. आता तुमचे प्रश्न घेऊ.